हेलग्रिंड : फुकट, गोगलगाईच्या चालीचं, पण कामाचं

द्राक्षांच्या शीतगृहात तापमान नोंदवणारा प्रोग्रॅम मी लिहिते, अंबडच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून. सी भाषा, पीथ्रेड ही लायब्ररी, दोन थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये सोबत चालणाऱ्या कामाच्या धारा), दोन म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारी लॉकं). ऐन फेब्रुवारीत पिंपळगावहून फोन : "मॅडम, रात्रीपासून आकडा १.२ वरच आहे." प्रोग्रॅम मेला नव्हता, थिजला होता. माझ्या टेबलावर आठवडाभर चालवला. पठ्ठ्या एकदाही अडकला नाही.

मग हेलग्रिंड लावलं, म्हणजे व्हॅलग्रिंड या चुका शोधणाऱ्या संचातलं थ्रेडच्या चुका पकडणारं साधन. वीस मिनिटांत चुगली केली : लॉकचा क्रम मोडलाय. वाचणारा थ्रेड आधी बफरचं (आकड्यांच्या तात्पुरत्या साठ्याचं) लॉक घेतो, मग फाइलचं. मेमरी कार्ड भरलं की लिहिणारा थ्रेड नेमका उलट. शिवरस्त्यावर दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले आणि मागे कोणीच घेईना, असा प्रकार. गंमत म्हणजे त्या दिवशी ट्रॅक्टर अडकलेच नव्हते. दोन्ही क्रम वेगवेगळ्या वेळी एकेकदा दिसले, तेवढं त्याला पुरलं. पण तो कोड चालायला तर हवा! मी मुद्दाम ८ एमबीचं खोटं कार्ड दिलं म्हणून, नाहीतर हेही गप्पच बसलं असतं. कंपाइल करताना -जी हा पर्याय विसरू नका, ओळ क्रमांक त्याशिवाय मिळत नाहीत.

तक्रारी आहेतच. एका वेळी एकच थ्रेड चालवतं, त्यामुळे सगळं इतकं रेंगाळतं की सेन्सरचा टाइमआउट मला २०० मिलिसेकंदांवरून २० सेकंदांवर न्यावा लागला. अटॉमिक (लॉकशिवायही थ्रेडना सुरक्षितपणे बदलता येणारं) व्हेरिएबल दिसलं की उगाच ओरडतं. त्यासाठी थ्रेड सॅनिटायझर हे कंपायलरमधलं साधन बरं, वेगही बराच जास्त. पण कोड नव्याने कंपाइल करावा लागतो आणि आमच्या ३२ बिटांच्या आर्म प्रोसेसरच्या बोर्डावर ते चालतच नाही.

जाता जाता म्यूटेक्सचे प्रकारही तपासले. लिनक्सवर साधं म्यूटेक्स त्याच थ्रेडने दुसऱ्यांदा घेतलं की कायमचं लटकतं; एररचेक प्रकारचं मुकाट ३५, म्हणजे ईडेडलॉक हा चुकीचा क्रमांक, परत करतं. दोन लॉकांचा गुंता मात्र त्यालाही कळत नाही. यात अर्धा तास माझ्याच वेंधळेपणात गेला : पीथ्रेडची फंक्शनं चूक एररनो या चुकीचा क्रमांक ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवत नाहीत, थेट परत देतात. मी आपली एररनो वाचणाऱ्या पीएररने चूक छापतेय आणि पडद्यावर "सक्सेस"!

आता संध्याकाळी निघताना हेलग्रिंड लावून जाते. रात्री लाइट टिकली तर सकाळी रिपोर्ट तयार.