साखर कारखान्याची कंट्रोल रूम : सुटे पीसी, सर्व्हरची जोडी की व्हर्च्युअल?

निपाणी-संकेश्वर-चिकोडी पट्ट्यात गाळप आटोपलं, की ऑफ-सीझनच्या कामांच्या यादीत कधी ना कधी एक ओळ येतेच : डीसीएसचे (कंट्रोल रूममधून अख्खा कारखाना चालवणाऱ्या प्रणालीचे) जुने कॉम्प्युटर बदलणे. कोटेशनं तीन येतात आणि तिन्हींचे आकडे एकमेकांच्या जवळपासही नसतात, कारण तिघांनी तीन वेगळ्या मांडण्या धरलेल्या असतात. खरेदी समिती शेवटचा आकडा बघते आणि इन्स्ट्रुमेंटवाला गप्प बसतो. त्याला बोलता यावं म्हणून हे लिहितोय.

आधी एक गैरसमज काढू. वरचे सगळे कॉम्प्युटर एकदम बंद पडले तरी पॅनलमधला कंट्रोलर लूप (लेव्हल, दाब आपोआप राखणं) आणि इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र थांबवणं) चालवत राहतो. बॉयलरच्या ड्रमची लेव्हल तो सांभाळतोच. जातं ते दिसणं. म्हणजे सर्व्हर-वर्कस्टेशनवर जो खर्च होतो, तो कारखाना चालण्यासाठी नसतो, ऑपरेटर आंधळा होऊ नये म्हणून असतो. पॅन हाऊसला, म्हणजे साखर शिजवतात तिथं, पाच मिनिटं स्क्रीन नसली तर पॅनमन पॅनच्या काचेतून (साइटग्लास) बघून भागवतो. बॉयलरवर मात्र एक मिनिटही फार मोठं वाटतं.

पहिली मांडणी सुट्या पीसींची. प्रत्येक ऑपरेटर स्टेशन कंट्रोलरशी थेट बोलतं, मध्ये सर्व्हर नाही. योकोगावाची सेंटम प्रणाली मुळातच अशी आहे. सीमेन्सच्या पीसीएस ७ मध्येही सिंगल स्टेशन मिळतं. एक पीसी गेला तर शेजारच्यावर काम सुरू. समजायला सोपं, दुरुस्तीलाही सोपं. अडचण नंतर कळते : सिंगल स्टेशनं दोन-तीन असली की ट्रेंड आणि अलार्मचा इतिहास ज्याच्या त्याच्या डिस्कमध्ये राहतो, आणि ग्राफिकमधला एक बदल प्रत्येक स्टेशनवर जाऊन करावा लागतो. एकट्या बॉयलरला किंवा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फौंड्रीच्या भट्टीला हे पुरे. तिथं सर्व्हर विकायला कुणी आलं तर चहा पाजून परत पाठवावं.

दुसरी, दोन रिडंडंट सर्व्हर आणि त्यांचे क्लायंट. डेटा सर्व्हर गोळा करतात, ऑपरेटरचे पीसी, म्हणजे क्लायंट, फक्त दाखवतात. एक सर्व्हर पडला तर क्लायंट दुसऱ्याकडे वळतात, आणि पहिला परत आला की मधला इतिहास भरून घेतो. मिल, बॉयलर, टर्बाइन, बॉयलिंग हाऊस आणि आता डिस्टिलरी, एवढा पसारा असेल तर ही मांडणी लागते. पण जोडी नावापुरती नको. मी एका ठिकाणी दोन्ही सर्व्हर एकाच रॅकमध्ये, एकाच यूपीएसवर आणि एकाच नेटवर्क स्विचवर बघितले आहेत. हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाइन गेली, टर्बाइनही ट्रिप झालं, यूपीएसच्या बॅटऱ्यांनी तीन मिनिटांत मान टाकली आणि दोन्ही सर्व्हर हातात हात घालून गेले. प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय, ते दोन वेगळ्या यूपीएसवर, आणि स्विचही दोन, एवढं कोटेशनमध्ये लिहून घ्या. सिस्टिमच्या डिस्कला आरसा म्हणजे रेड १ (दोन डिस्कवर तीच नक्कल), इतिहासाच्या डिस्क वेगळ्या, आणि मेमरी ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी).

तिसरी मांडणी व्हर्च्युअल, म्हणजे एका मोठ्या मशीनमध्ये सॉफ्टवेअरनं बनवलेले अनेक कॉम्प्युटर. दोन दणकट होस्ट, सगळे सर्व्हर आणि इंजिनिअरिंग स्टेशन त्यांच्या पोटात, टेबलावर फक्त थिन क्लायंट (नुसती स्क्रीन दाखवणारी छोटी पेटी). कागदावर हीच सर्वांत देखणी. पंखा नसलेल्या थिन क्लायंटमध्ये बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) भुसा जात नाही, हा आपल्याकडे खरा फायदा. बॅकअप म्हणजे अख्खी मशीन उचलून ठेवायची. पण रात्री दोनला होस्ट रुसला तर त्याला हात कोण लावणार? पुण्याचा माणूस निघाला तरी पोचायला सहा-सात तास, बेंगळुरूचा त्याहून उशिरा. शिफ्टमधल्या पोराला पीसी बदलता येतो. हायपरव्हायजरचं (हे व्हर्च्युअल कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) स्टोरेज त्याला कळत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. शिवाय ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही असं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी घेतल्यावर कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं, म्हणजे दर मुदतीला पैसे भरा. हायपर-व्ही हे मायक्रोसॉफ्टचं तसलंच सॉफ्टवेअर विंडोज सर्व्हरमध्येच येतं, पण तुमच्या डीसीएस कंपनीला ते चालतं का, हे लेखी विचारा.

माझं मत विचाराल तर मिल आणि कोजनरेशन (बगॅसवर वीजनिर्मिती) असलेल्या कारखान्यानं दुसरी मांडणी घ्यावी. डिस्टिलरीसह स्टेशनं दहा-बाराच्या वर जाणार असतील आणि पगारावर एक तरी आयटीचा जाणता माणूस असेल, तरच तिसरी. माणूस नसताना घेतलेलं व्हर्च्युअलायझेशन म्हणजे दारात हत्ती बांधणं.

विंडोजच्या बाबतीत कोटेशनमध्ये नुसतं ‘विंडोज १०’ असेल तर परत पाठवा. साध्या आवृत्तीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बरीच वर्षं सपोर्ट मिळणाऱ्या एलटीएससी २०२१ या विंडोज १० मध्येही दोन प्रकार आहेत : एंटरप्राइझ जानेवारी २०२७ पर्यंत, आयओटी एंटरप्राइझ जानेवारी २०३२ पर्यंत. नाव जवळजवळ एकच, आयुष्यात पाच वर्षांचा फरक. विंडोज सर्व्हर २०२२ ला ऑक्टोबर २०३१ पर्यंत अपडेट मिळतील.

टर्बाइनची वेगळी प्रणाली मुख्य डीसीएसशी जुन्या ओपीसीनं (वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रणालींना बोलतं करणाऱ्या पद्धतीनं) जोडलेली असेल तर खास लक्ष द्या. मार्च २०२३ च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टनं डीकॉमची, म्हणजे जुनं ओपीसी ज्यावर चालतं त्या विंडोजमधल्या यंत्रणेची, कडक सुरक्षा सक्तीची केली. नव्या सर्व्हरशी जुना टर्बाइन पीसी बोलेनासा होऊ शकतो. ओपीसी यूएवर, म्हणजे डीकॉम न लागणाऱ्या नव्या ओपीसीवर, जायचा खर्च आत्ताच धरा, हंगामात धावपळ नको.

कॉम्प्युटरची नावं सॉफ्टवेअर टाकण्याआधीच पक्की करा. पीसीएस ७ सारख्या प्रणालीत नंतर नाव बदललं तर डेटाबेस बिघडतो. घड्याळ सगळ्यांना एकाच ठिकाणाहून द्या. डोमेन (सगळ्यांचं लॉगिन एकाच सर्व्हरवरून) असेल तर पाच मिनिटांपेक्षा जास्त फरकाला लॉगिनच होत नाही. अँटिव्हायरस डीसीएस कंपनीनं तपासलेलाच.

आणि पावसाळा. बिल वाचवायला जूनमध्ये कंट्रोल रूमचा एसी आणि सर्व्हर बंद होतात. खानापूरकडच्या दमट हवेत आतला भुसा ओल धरतो, खंडेनवमीला पूजा करून बटण दाबलं की डिस्क उठत नाही. एक छोटा एसी आणि सर्व्हर वर्षभर चालू ठेवायचं बिल नव्या सर्व्हरपेक्षा खूपच कमी येतं. कॉम्प्युटर ईटीपीपासून (सांडपाणी प्रक्रियेपासून) लांब ठेवा. तिथला हायड्रोजन सल्फाइड बोर्डावरचं तांबं आणि चांदी खातो.

पैशाचा शेवटचा हप्ता मात्र राखून ठेवा. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी एके दिवशी कंपनीच्या इंजिनिअरसमोर चालू सर्व्हरची वायर स्वतः ओढा. स्क्रीन किती सेकंदांत परत येते ते मोबाइलवर मोजून कागदावर त्याची सही घ्या, मगच चेक द्या.