व्हिलेज व्हॅनगार्ड : वार कुठला, सेट कुठला, खुर्ची कुठली

न्यूयॉर्कला जॅझ ऐकायचं तर व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबला जा, हे कुणीही सांगतं. आत गेल्यावर कुठे बसायचं हे मात्र कुणी सांगत नाही, आणि १२३ माणसांच्या या तळघरात निम्मा फरक त्यानेच पडतो. एकाच रात्री, एकाच दराच्या तिकिटात एकाला पियानोचा प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो आणि दुसऱ्याच्या कानात घरी जाईपर्यंत ड्रम्सची सिंबल (पितळी थाळी) वाजत राहते.

पत्ता १७८, सेव्हन्थ ॲव्हेन्यू साउथ. लाल छत, लाल दार, आणि दार उघडलं की थेट खाली उतरणारा अरुंद, उभा जिना. लिफ्टची अपेक्षा ठेवू नका. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आईवडिलांना न्यायचा बेत असेल तर हा जिना आधी विचारात घ्या, कारण सेट (सलग वाजवण्याचा एक कार्यक्रम) संपल्यावर याच जिन्याने अख्खी गर्दी एकदम वर निघते. मॅक्स गॉर्डनने १९३५ साली क्लब या जागेत आणला, तेव्हा इथे कविता, लोकगीतं, विनोदी कार्यक्रम असं सगळं चालायचं; निव्वळ जॅझचा क्लब ही ओळख पक्की झाली १९५७ च्या सुमारास. (त्याच १९३५ साली लिऑन ॲबीचा जॅझ ऑर्केस्ट्रा मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला होता. म्हणजे हे संगीत आपल्याकडे अगदीच उशिरा पोचलं असं नाही.) मॅक्स १९८९ साली गेला. मग त्याची बायको लॉरेन हिने २०१८ पर्यंत, तिच्या मृत्यूपर्यंत, क्लब चालवला. आता मुलगी डेबोरा बघते. घरचा कारभार आहे आणि तो जाणवतो. जागेला उगाच कुणी रंगसफेदी करून नवं रूप दिलेलं नाही. भिंतींवर जुने फोटो, लहान लहान गोल टेबलं, भिंतीलगत लांब बाकं, मागे बार.

खोली त्रिकोणी आहे. टोकाशी, जिथे दोन भिंती जवळ येतात तिथे, स्टेज. तिथून बारकडे जाताना जागा रुंदावत जाते, कर्ण्यासारखी. आमच्या मते इथल्या आवाजाचं बरंचसं गुपित यातच आहे. चौकोनी खोलीत समोरासमोरच्या समांतर भिंतींमध्ये आवाज चेंडूफळीसारखा टप्पे खात राहतो आणि टाळी वाजवली तरी झणझण ऐकू येते. इथे भिंती तिरक्या असल्याने तसे टप्पे बसत नाहीत. छत बुटकं, स्टेजमागे पडदा, आणि उरलेला आवाज शोषायला खच्चून भरलेली माणसं. परिणाम असा की आवाज कोरडा आणि जवळचा लागतो. डबल बेसच्या (उभं धरून वाजवायचं मोठं, खर्जातलं तंतुवाद्य) तारेवरून बोट सुटल्याचा ‘टक’ वेगळा ऐकू येतो, ड्रमरने ब्रशने स्नेअरवर (समोरच्या लहान ड्रमवर) फिरवलेला गोल ऐकू येतो. मोठ्या सभागृहात हे दोन्ही आवाज माइकमधून आले तरच येतात. खालून मेट्रो गेली की क्वचित हलकी घरघरही येते. तिची तक्रार करू नये, ती इथल्या काही रेकॉर्डिंगमध्येसुद्धा आहे असं जाणकार सांगतात.

आता खुर्ची. जागा क्रमांकाच्या नाहीत, जो आधी येईल तो आधी बसेल. आठच्या सेटसाठी सातच्या सुमारास दारं उघडतात. सातला रांगेत असाल तर निवड करता येते, पावणेआठला आलात तर जिथे बसवतील तिथे बसायचं. चौकडी किंवा त्रयी वाजवत असेल तेव्हा सहसा पियानो प्रेक्षकांच्या डाव्या हाताला आणि ड्रम्स उजव्या हाताला असतात. उजवीकडची पहिली रांग म्हणजे सिंबलपासून हातभर. तिथे ड्रमर बघायला मिळतो, बाकीचे फक्त अंदाजाने. राइड सिंबलचा (ठेका धरणाऱ्या मोठ्या थाळीचा) पसारा वरच्या पट्टीत असतो आणि तो पियानोचा उजवा हात आणि बेसचा तो ‘टक’ दोन्ही झाकून टाकतो. डावीकडे पुढे बसलात तर पियानिस्टचे हात दिसतात, बेसही बरा ऐकू येतो, फक्त सॅक्सोफोन पाठमोरा वाटू शकतो. सर्वांत समतोल आवाज मध्यभागी, स्टेजपासून तिसऱ्या-चौथ्या टेबलाच्या आसपास, किंवा डाव्या भिंतीच्या बाकावर. बारजवळ अगदी मागे बसणं तितकं वाईट नाही जितकं लोक समजतात. आवाज तिथे एकजीव होऊन येतो. फक्त बारमागे बर्फ ढवळला जातो, आणि नेमका बेसच्या सोलोच्या वेळी ढवळला जातो.

सोमवारचं गणित निराळं. त्या रात्री व्हॅनगार्ड जॅझ ऑर्केस्ट्रा असतो, १६ जणांचा: ५ सॅक्सोफोन, ४ ट्रम्पेट, ४ ट्रोंबोन आणि पियानो-बेस-ड्रम्स. ट्रम्पेटवाला थॅड जोन्स आणि ड्रमर मेल लुइस यांनी ७ फेब्रुवारी १९६६ च्या सोमवारी हा बँड इथे पहिल्यांदा वाजवला. सोमवार निवडला कारण वादकांना त्या दिवशी दुसरी कामं नसायची. थॅड १९७९ ला कोपनहेगनला गेला, मेल १९९० ला वारला, सोमवार मात्र चालूच राहिला. एवढ्याशा स्टेजवर १६ माणसं म्हणजे सॅक्सोफोनवाल्यांच्या स्टँडला पुढच्या टेबलावरच्या ग्लासाचा धक्का लागेल इतकी दाटी. सोमवारी पुढे बसू नका. मागच्या अर्ध्या भागात बसा, आणि लहान मूल किंवा नाजूक कानाचं माणूस बरोबर असेल तर फोमचे इअरप्लग खिशात ठेवा. आठ पितळी वाद्यं एकदम फुटतात तेव्हा पुढच्या रांगेत हार्मनी (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचा मेळ) ऐकू येत नाही, नुसता दाब जाणवतो. मागे बसलात तर तीच हार्मनी उलगडते, आणि थॅड जोन्सची रचना कशासाठी ऐकायची हे तेव्हा कळतं.

मंगळवार ते रविवार सहसा एकच बँड सलग सहा रात्री वाजवतो, रोज दोन सेट, आठला आणि दहाला. ही पद्धत आता बहुतेक क्लबांनी सोडली आहे आणि व्हॅनगार्डचं खरं बळ तिच्यातच आहे. मंगळवारी बँड अजून चाचपडत असतो: कागद समोर, रचनांची अखेर कुठे करायची याच्या नजरानजरी चालू. गुरुवारपर्यंत कागद बाजूला पडतात. शनिवारी गर्दी पर्यटकांची आणि वाजवणं थोडं दाखवण्याचं, निदान पहिल्या सेटला तरी. निवड हातात असेल तर गुरुवारचा किंवा रविवारचा दहाचा सेट घ्या. पहिल्या सेटनंतर खोली रिकामी करतात, तिकीट एकाच सेटचं असतं; दोन्ही ऐकायचे तर दोन तिकिटं.

रविवारचं महत्त्व आम्ही उगाच सांगत नाही. २५ जून १९६१ हा रविवारच होता. पियानिस्ट बिल एव्हान्स, बेसवादक स्कॉट लाफारो आणि ड्रमर पॉल मोशन यांनी दुपारी आणि संध्याकाळी मिळून पाच सेट वाजवले आणि सगळे ध्वनिमुद्रित झाले. अकराव्या दिवशी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. तेव्हा तो २५ वर्षांचा होता. ती रेकॉर्डिंग जाण्याआधी हेडफोन लावून ऐका: ग्लासांची किणकिण, कुणाचं तरी हसणं, बोलणं हे सगळं त्यात आहे. आजच्या प्रेक्षकाला तेवढी मोकळीक नाही. सेट चालू असताना बोलायचं नाही, फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, फोनचा उजेडही नको. कर्मचारी येऊन थेट सांगतात, आणि ते योग्यच करतात. एव्हान्सच्या त्या रविवारच्या सुमारे चार वर्षं आधी, ३ नोव्हेंबर १९५७ ला, सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्सने इथे पियानोशिवाय, फक्त बेस आणि ड्रम्स घेऊन वाजवलं होतं. सूर धरायला मागे कुणी नसताना खोली किती साथ देते हे त्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेनने ‘इंडिया’ ही रचना इथेच ध्वनिमुद्रित केली, दोन बेस घेऊन, एकाच स्वरावर ठाण मांडून. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्यांना ती लगेच जवळची वाटेल. रविशंकरांवरून ज्याचं नाव ठेवलं तो कोलट्रेनचा मुलगा रवी इथे वाजवतो, पियानिस्ट विजय अय्यरही.

आपल्याकडच्या श्रोत्याची इथे दोन ठिकाणी गाडी अडते. एक, टाळी. आपला हात समेवर आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो. जॅझचा जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. ड्रमरच्या डाव्या पायाकडे बघा: हाय-हॅट (पायाने मिटणारी थाळ्यांची जोडी) तिथेच मिटते, २ आणि ४ वर. पायाने ठेका धरायचाच तर तिथे धरा. दुसरं, आवर्तन. बहुतेक जुन्या चाली ३२ बारांच्या (बार म्हणजे मात्रांचा एक गट) असतात, ८-८ चे चार तुकडे, त्यातला तिसरा वेगळा. चार मात्रांचा एक बार धरला तर १२८ मात्रांचं आवर्तन झालं. ब्लूज १२ बारांचा, म्हणजे ४८ मात्रा. आधी सगळे मिळून चाल वाजवतात, मग एकेक जण तेच आवर्तन पुन्हा पुन्हा घेऊन त्यावर स्वतःचं रचतो, शेवटी ड्रमरशी चार-चार बारांचा सवाल-जवाब, आणि परत चाल. पियानिस्ट भरकटला असं वाटतं तेव्हाही तो आवर्तनातच असतो. तिसरा तुकडा आला की हार्मनी वळते, तिथे पकडा. सोलो संपला की टाळ्या. मधेच दाद देणं इथे चालतं, पण हळू आवाजात. गाण्याच्या बैठकीतली मोकळी ‘क्या बात है’ शेजारच्या टेबलाला दचकवेल.

बेसचा सोलो आला की लोक पाण्याचा घोट घेतात, घड्याळ बघतात. असं करू नका. बाकीचे त्या वेळी जवळजवळ थांबलेले असतात आणि ही खोली नेमकी त्याच आवाजासाठी चांगली आहे.

खर्च : तिकीट साधारण ४० डॉलर, वर माणशी एक पेय घेण्याची सक्ती. दारू नको असेल तर सोडा चालतो. जेवण मिळत नाही, स्वयंपाकघर केव्हाच बंद झालं. वादक आता तिथेच बसतात. म्हणून जेवून जा. दोघांचा हिशेब टिप धरून ११०-१२० डॉलरपर्यंत जातो. तिकीट क्लबच्या वेबसाइटवरून आधी काढा, नावाजलेला बँड असेल तर वीकेंडचं संपतं. थंडीत जाड कोट मांडीवर घेऊनच बसायची तयारी ठेवा, खुर्च्या एकमेकींना चिकटून आहेत; पाठीवरची मोठी बॅग तर हॉटेलवरच ठेवा.

पोचायला मेट्रोची १, २ किंवा ३ नंबरची गाडी, १४ वी स्ट्रीट. जर्सी सिटीकरांना पाथ रेल्वे सोयीची, क्रिस्टोफर स्ट्रीटला उतरून दहाएक मिनिटं चालायचं, रात्रभर चालते. न्यू जर्सीतल्या एडिसनहून येणाऱ्यांनी पेन स्टेशनहून परतीच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवावी, दहाचा सेट सव्वाअकराच्या पुढेही लांबतो आणि मध्यरात्रीनंतर गाड्या विरळ होतात.

तिकीट मिळालं नाही तर निराश होऊ नका. दोन-तीन मिनिटांवर १८३, वेस्ट टेन्थ स्ट्रीटला स्मॉल्स आहे, १९९४ सालचं, आणखी लहान तळघर, तिकीट स्वस्त, वादक बरेचदा तरुण. तिथला आवाज व्हॅनगार्डइतका नेटका नाही आणि उभं राहावं लागू शकतं, पण रात्री उशिराच्या जॅममध्ये (आयत्या वेळी जमून वाजवण्याच्या बैठकीत) कोण येऊन वाजवेल सांगता येत नाही. समोरच मेझ्रो, पियानोसाठी बांधल्यासारखी शांत खोली. नुसता पियानो आणि बेस ऐकायचा असेल तर व्हॅनगार्डपेक्षाही आम्ही तिथेच पाठवू. थर्ड स्ट्रीटवरचं ब्लू नोट मोठं, महाग, जेवणासकट, आणि टेबलं इतकी दाटीने लावलेली की ताटाचा आवाज सोलोत मिसळतो. स्मॉल्सचे कार्यक्रम इंटरनेटवर थेट दाखवले जातात. पुण्यात बसून ऐकायचे तर न्यूयॉर्कच्या रात्रीच्या साडेसातला आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे पाच वाजलेले असतात, हिवाळ्यात सहा.