बीटलची डोअर सील आणि दारांची पॅनेलं: रबर उत्तम, पुठ्ठ्याचं काम कच्चं

माझा रोजचा धंदा गाड्यांच्या आतल्या शिवणकामाचा आहे. सीटा, छताचं कापड, दारांची पॅनेलं हे सगळं मी करते. त्यामुळे १९६८ ची फोक्सवॅगन बीटल गाडी पुन्हा उभी करताना दारांची रबरं म्हणजे सील आणि आतली ट्रिम म्हणजे पॅनेलं मी दुसऱ्या कुणाकडे सोपवली नाही. दोन्ही एकाच किटमध्ये मागवलं होतं: डाव्या-उजव्या दाराचं सील, काचेला घासणाऱ्या पट्ट्या, दारांची आणि मागच्या बाजूची पॅनेलं, क्लिपांची पिशवी. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. बीटल १९३८ पासून २००३ पर्यंत बनत राहिली, २ कोटी १५ लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यामुळे तिचे सुटे भाग कितीतरी जण बनवतात. नावापेक्षा माल हातात घेऊन पारखता येणं जास्त कामाचं.

आधी सील. रबर ईपीडीएम या कृत्रिम जातीचं आहे आणि दारासाठी हेच हवं. ऊन आणि हवेतला ओझोन हे रबर चांगलं सोसतं. जुन्या नैसर्गिक रबरासारखं त्यावर बारीक चिरा पडत नाहीत. मात्र खनिज तेलाशी त्याचं अजिबात जमत नाही. ग्रीस किंवा व्हॅसलिन लावत राहिलात तर ते फुगतं आणि सैल पडतं. मऊ ठेवायला सिलिकॉन ग्रीसच वापरा.

पाकीट उघडल्यावर मी पहिल्यांदा सीलचा पोकळ भाग दोन बोटांत धरून दाबला. बाजारात मिळणाऱ्या नव्या सीलांत सगळ्यात जास्त नडतो तो कडकपणा. दिसायला हुबेहूब, पण दार लागत नाही, लागलंच तर ढकलून लावावं लागतं, आणि मग लोक लॉकचा स्ट्रायकर (चौकटीवरचा, दाराचं लॉक ज्यात अडकतं तो भाग) बाहेर सरकवून दार बसवतात. त्याने दार चौकटीच्या बाहेर राहतं, पत्र्याची रेषा जाते. या किटचं सील सहज दबलं आणि सोडताच पूर्ववत झालं. दुसरी गोष्ट कोपऱ्यांची. सरळ लांबीचं रबर कोपऱ्यात वळवलं की आतल्या बाजूला चुण्या पडतात आणि पाणी तिथूनच शिरतं. इथे कोपरे साच्यात ओतलेले आहेत, डावं-उजवं वेगळं आहे. एवढ्या दोन गोष्टींसाठी मी या सीलला पूर्ण मार्क देते.

लावण्याआधी फट मोजा, हे माझं आग्रहाचं सांगणं. मुलांची खेळण्यातली माती घ्यायची, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळायची, चौकटीवर चार-पाच ठिकाणी चिकटवायची आणि दार अलगद लावून उघडायचं. दबलेल्या गोळ्याची जाडी म्हणजे तिथली फट. माझ्या गाडीत बिजागरीकडे खाली नऊ मिलिमीटर भरली आणि वरच्या मागच्या कोपऱ्यात सहा. एवढा फरक म्हणजे दार लटकलंय. बिजागऱ्या सारख्या करून मगच रबराला हात लावला. रबर कितीही चांगलं असलं तरी लटकलेलं दार ते सावरून घेत नाही.

बीटलमध्ये सील चौकटीला नव्हे, दारालाच चिकटतं. जुना गोंद प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढला, खाली गंजाचे ठिपके होते ते घासून प्रायमर मारला, रंग पुरता वाळू दिला. मग गोंद न लावता सगळं सील एकदा नुसतं बसवून पाहिलं. किटसोबतच्या कागदावर लिहिलंय की दाराला सगळीकडे गोंद लावून एका टोकापासून चिकटवत जा. तसं करू नका. आधी कोपरे जागच्या जागी बसवायचे, मग मधल्या सरळ बाजू. एका टोकापासून निघालात की हात नकळत रबर ओढतो, शेवटी तुकडा जास्त झाल्यासारखा वाटतो आणि माणूस कात्री उचलतो. ओढलेलं रबर पुढे आखडतं आणि कोपरा सोडतं. सरळ बाजूला रबर किंचित आत लोटत, जरा जास्तच भरत जायचं. गोंद दाराला आणि रबराला दोन्हीकडे पातळ लावायचा, बोटाला चिकटेल पण तार निघणार नाही इतका सुकू द्यायचा, मगच दाबायचं. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं आहेत, ती गोंदाने किंवा रबराने बुजवू नका.

आता दार जड लागतंय ते कशामुळे, हे ओळखायची बीटलची स्वतःची एक खूण आहे. ही गाडी मुळातच हवाबंद. काचा वर असल्या की आतली हवा दाराला मागे ढकलते, म्हणून बीटलवाले काच थोडी खाली करून दार लावतात. तेव्हा नव्या सीलची परीक्षा दोनदा घ्या, काचा बंद आणि काच उघडी. काच उघडल्यावर दार सहज लागलं तर तो हवेचा दाब, रबराला दोष नाही. तरीही अडलं तर सील कडक आहे नाहीतर स्ट्रायकर चुकलाय. माझ्याकडे काच उघडी ठेवून दार पहिल्याच दिवशी एका हाताने लागलं. नंतर वहीच्या कागदाची पट्टी दारात धरून सगळीकडे ओढून पाहिली. पट्टी सगळीकडे सारख्या जोराने धरून ठेवली गेली, फक्त उजव्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात जरा ढिली होती. रबर मुरल्यावर आणि स्ट्रायकर केसभर आत घेतल्यावर तिथेही घट्ट झाली.

पॅनेलांबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती मी धंद्याच्या नजरेने करते. वरचं रेक्झिन छान आहे. दाणा बारीक, रंग मूळच्या जवळ, उमटवलेल्या रेषा सरळ. कडाही नीट दुमडल्या आहेत. पण आतला हार्डबोर्ड कोरा, मागच्या बाजूला कसलाच थर नाही. दाराच्या आत पाणी जाणारच. काचेवरून ओघळणारं पाणी घासपट्टी पूर्ण अडवत नाही, ते दारात उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. दाराची रचनाच तशी आहे. या वाटेवरचा ओलावा हार्डबोर्डने प्यायला की तो खालून फुगतो, वाकतो, क्लिप भोकातून सुटते आणि रेक्झिनला लाट येते. दुरुस्तीला माझ्याकडे येणारी बहुतेक पॅनेलं अशीच गेलेली असतात. म्हणूनच पॅनेलच्या मागे प्लास्टिकचा कागद असतो, आणि तोच या किटमध्ये नाही. ट्रिमच्या किटमध्ये हा कागद नसणं मला अजिबात पटलेलं नाही.

मी हार्डबोर्डच्या मागच्या बाजूला आणि सगळ्या कडांना, क्लिपांच्या भोकांच्या आतल्या कडेलासुद्धा, वॉर्निशचे दोन हात दिले. जाड पॉलिथिन कापून ब्युटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) दाराला चिकटवलं. त्याची खालची कड दाराच्या खाचेतून आत सोडायची, म्हणजे कागदावरून ओघळलेलं पाणी दारातच पडतं, पॅनेलवर येत नाही. ही खालची कड बाहेर राहिली तर कागद लावून न लावल्यासारखाच.

डाव्या पॅनेलची दोन भोकं दाराच्या भोकांशी जुळत नव्हती, तीनेक मिलिमीटरचा फरक होता. कानशीने भोक लांबट केलं, काम झालं. क्लिपा मऊ पत्र्याच्या आहेत, एकदा काढून पुन्हा लावल्या की पकड जाते. जुन्या क्लिपा शाबूत असतील तर फेकू नका, त्याच लावा. दारातल्या भोकांत बसणाऱ्या छोट्या रबरी टोप्या किटमध्ये आहेत आणि चांगल्या आहेत. त्या विसरलात तर पॅनेल खडखडतं. पॅनेल उतरवताना काच फिरवायचं हँडल आधी काढावं लागतं. जुन्या बीटलमध्ये त्याला पिन असते, १९६८ पासून टोपीखाली स्क्रू.

एक सांगायचं राहिलं. छताचं कापड बदलायचं असेल तर ते आधी, मग पुढची-मागची काच, कारण कापडाची कड काचेच्या रबराखाली जाते. दारांची पॅनेलं सगळ्यात शेवटी.

मला कुणी विचारलं तर मी सील याच किटमधली घ्यायला सांगेन, सुटी मिळाली तर सुटीच. पॅनेलं घ्यायची तर वॉर्निशचा डबा आणि पॉलिथिन त्याच दिवशी आणून ठेवा. हाताशी चांगला शिवणारा कारागीर असेल तर त्याच्याकडून जलरोधक प्लायवर रेक्झिन चढवून घेणं मला जास्त भरवशाचं वाटतं; पुढच्या बीटलला मी तेच करणार आहे.