निळं मायक्रोएसडी मॉड्यूल: एकटं असलं की गुणी, सोबतीला कुणी आलं की भांडखोर

मी अंबडला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. मोहाडीला आप्पांची द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी या बुरशीरोगाची धास्ती असते, म्हणून तापमान आणि पानावरचा ओलावा दर १० मिनिटांनी कार्डावर लिहायचा आणि लोरानं (लांब पल्ल्याच्या रेडिओ मॉड्यूलनं) घरी पाठवायचा, असा डबा करायला घेतला. कार्डासाठी एमजी रोडवरून हे सहा पिनांचं निळं मॉड्यूल आणलं.

एकटं जोडलं तेव्हा बिनतक्रार चाललं. त्याच एसपीआय बसवर (अनेक मॉड्यूल मिळून वापरतात त्या तारांवर) लोरा जोडला आणि लोरा मुका झाला. आधी सोल्डरिंगवर संशय घेतला, मग लायब्ररीवर. दोन रविवार त्यातच गेले.

शेवटी मल्टीमीटर काढला. दोन्हींचे सीएस (कुणाची पाळी ते ठरवणारी पिन) हाय ठेवले, म्हणजे दोघांनाही गप्प केलं, आणि मिसोपासून (मॉड्यूलकडून प्रोसेसरकडे माहिती नेणाऱ्या तारेपासून) ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर लावला. लाइन मोकळी असती तर व्होल्टेज शून्याकडे आलं असतं. ते ३.३ च्या आसपासच अडून बसलं! भिंग लावून बोर्ड बघितला. त्यावर ७४एलव्हीसी१२५ हा बफर (५ व्होल्टचे सिग्नल कार्डाला चालतील असे ३.३ चे करणारी चिप) आहे आणि त्याच्या चारही गेटच्या इनेबल पिना सरळ ग्राउंडला जोडलेल्या. म्हणजे गेट कायम उघडे. कार्डाची पाळी नसतानाही हे मॉड्यूल मिसो सोडत नाही. लोरा बोलायला लागला की एकाच तारेवर दोघांची ओढाताण होते आणि प्रोसेसर भलतंच वाचतो. ही चूक बोर्ड आखणाऱ्याची आहे आणि मला तिचा खरंच राग आला, कारण विकत घेणारा बिचारा आपलाच प्रोग्रॅम तपासत बसतो.

इलाज जमला. मिसोच्या गेटची इनेबल पिन ब्लेडनं ट्रॅक कापून सुटी केली आणि बारीक तारेनं सीएसला जोडली. सीएस लो झाला तरच गेट उघडतं. हात स्थिर हवा, पिना फार जवळजवळ आहेत.

प्रोग्रॅममध्येही शिस्त लागते. लायब्ररीचं कुठलंही बिगिन (सुरुवातीचं फंक्शन) करण्याआधी दोन्ही सीएस आउटपुट करून हाय करा. बोर्ड चालू होताना ते लटकत राहू नयेत म्हणून प्रत्येकाला १० किलोओहमचा पुलअप (पिन हाय ठेवणारा रेझिस्टर) द्या. दोघांचे वेग वेगळे असतात, त्यामुळे प्रत्येक व्यवहार बिगिनट्रान्झॅक्शन आणि एंडट्रान्झॅक्शनच्या आतच करा. लोराच्या इंटरप्टमध्ये (लोरानं मध्येच हाक मारली की चालणाऱ्या कोडमध्ये) एसपीआयला हात लावू नका, नुसता फ्लॅग उचला, म्हणजे खूण करून ठेवा.

आणखी एक: व्हीसीसीला (वीजपुरवठ्याच्या पिनेला) ५ व्होल्टच द्या. बोर्डवरचा रेग्युलेटर सुमारे एक व्होल्ट खातो, ३.३ दिले तर कार्ड उपाशी राहतं.

माझं रेटिंग: बसवर एकटं कार्ड असेल तर ५ पैकी ४ तारे, दुसरं काही जोडायचं असेल तर २. ईएसपी३२ हा प्रोसेसर वापरणाऱ्यांना तर बफरची गरजच नाही, तो कार्डासारखाच ३.३ व्होल्टचा आहे. पुढच्या डब्याला मी बिनबफरचं साधं सॉकेट घेणार आहे.