४५ लिटरची सॅक आणि बोलिव्हिया: काही महिन्यांच्या वापरानंतर

मुंबईतल्या दुकानात सॅक पाठीला लावून बघताना आपण समुद्रसपाटीला उभे असतो, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात येत नाही. ही ४५ लिटरची, समोरून पूर्ण उघडणारी सॅक मी दादरला घेतली, सह्याद्रीत थोडी फिरवली आणि मग थेट बोलिव्हियाला नेली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही; पुढचं बरंचसं याच घडणीच्या कुठल्याही सॅकला लागू पडेल.

आधी पट्ट्यांचं. मुंबई, अदिस अबाबा, साओ पाउलो, सांता क्रूझ असं करत करत ला पाझ गाठलं. सांता क्रूझ जेमतेम ४०० मीटरवर आहे. तिथून तासाभरात एल आल्तोच्या विमानतळावर उतरलो की आपण ४,००० मीटरच्याही वर. कळसूबाई १,६४६ मीटर, तेव्हा हिशेब करा. सॅक घेऊन बाहेरच्या दारापर्यंत जाताना धाप लागली. ट्रेकला कायम आवळून बांधायचो तो छातीचा पट्टा तिथे सोडून टाकला, श्वास भरायला छाती मोकळी हवी होती. कमरेचा पट्टा मात्र कामाला आला. जाड आहे, हाडावर नीट बसतो आणि खांद्यावरचं ओझं खरोखर उतरवतो. यासाठी पैकीच्या पैकी गुण.

ला पाझ हे कढईसारख्या दरीत वसलेलं शहर. काठावरच्या पठारावर एल आल्तो, आणि मध्ये २०१४पासून धावणारे रोपवे. पर्यटकांचे चोचले म्हणून नव्हे. कामाला जाणारी, बाजार करून परतणारी माणसं त्यातूनच ये-जा करतात. पैसेवाले दरीच्या तळाशी राहतात, कारण तिथे ऊब जास्त आणि हवा दाट. डोंगरावरचा बंगला म्हणजे श्रीमंती, हे मनात बसलेल्या माणसाला ते पचायला वेळ लागतो.

रोपवेत सॅक दोन पायांत धरून बसलो होतो. समोरच्या मावशींच्या डोक्यावर काळी बोलर हॅट, घेरदार परकर आणि पाठीवर अग्वायो. अग्वायो म्हणजे रंगीत पट्ट्यांचं विणलेलं चौकोनी कापड, छातीशी एकच गाठ. कोणाच्या अग्वायोत बाळ असतं, कोणाच्या बटाटे. मावशींनी गाठ सोडली आणि सगळा बाजार मांडीवर उघडा झाला, काही शोधावं लागलं नाही. माझ्या सॅकचा मोठा गुणही हाच. वरून तोंड असलेल्या सॅकमध्ये तळाचा स्वेटर काढायचा तर अख्खं बिऱ्हाड बाहेर काढावं लागतं. हिच्यात एक चेन ओढली की झालं. फरक इतकाच, की त्यांच्या कापडाला चेन नाही. आणि माझ्या सॅकने दगा दिला तो चेननेच.

सलार दे उयुनी हे १०,००० चौरस किलोमीटरहून मोठं मिठाचं मैदान. पावसाळ्यात त्यावर पाण्याचा पातळ थर साचतो आणि आभाळ पायाखाली दिसतं, ते फोटो सगळ्यांनीच पाहिलेत. जीपच्या चाकांनी उडणारं खारं पाणी फोटोत दिसत नाही. सॅक टपावर ताडपत्रीखाली बांधलेली. पाणी कडेने आत शिरलं, वाळलं आणि सकाळी चेनच्या दातांवर पांढरी पुटं. रनर अर्ध्यावर अडकला तो हलेना. गोड्या पाण्याने जुन्या टूथब्रशने घासलं, वाळवलं, मेणबत्ती फिरवली, तेव्हा सरकला. पण रनरला गंज धरला तो धरलाच. एवढ्या किमतीच्या सॅकला गंजणारा रनर लावणं हा चिंधीपणा आहे.

कापड मात्र बळकट. तितिकाका सरोवर ३,८१२ मीटरवर आहे. कोपाकबानाला जाताना तिकिनाच्या चिंचोळ्या पाण्यापाशी प्रवाशांना उतरवून लाँचने पलीकडे नेतात आणि बस लाकडी तराफ्यावर चढवतात. सॅक बसच्या पोटात, बस तराफ्यावर, तराफा हेलकावे खातोय आणि आपण दुसऱ्या होडीतून बघतोय! पासपोर्ट आणि पैसे सॅकमध्ये का ठेवू नयेत, हे तिथे आपोआप समजतं. त्याच काठावर बोलिव्हियाच्या नौदलाचा तळ आहे. चिलीशी १८७९ला पेटलेल्या युद्धात देशाचा किनारा गेला, पण नौदल त्यांनी सोडलं नाही. दर २३ मार्चला समुद्र दिनही पाळतात.

बाजूचे जाळीचे खिसे खोल आहेत. एकात बाटली, दुसऱ्यात कायम शेंगदाणे. शाकाहारी माणसाचे हाल होतील असं सगळे बजावत होते. तितके झाले नाहीत. शेंगदाण्याचं सूप बऱ्याचदा मांस घालून करतात, तेव्हा विचारून घ्यावं. सकाळी आपि, म्हणजे जांभळ्या मक्याचं दालचिनी-लवंग घातलेलं दाट गरम पेय, आणि सोबत चीज भरून तळलेला टम्म पास्तेल. त्यावर मी दुपार काढायचो. बाकी बटाटा, शेंगदाणा आणि साबुदाण्याचा कसावा हे तिन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेचे. आपली एकादशी कोणाच्या जिवावर चालते बघा.

घ्यावी का? पाठीची लांबी कमी-जास्त करता येत नाही, त्यामुळे बुटक्या किंवा फार उंच माणसाने आधी वजन भरून चालून पाहावं. पठारावरच्या थंडीला ४५ लिटर पुरतात, जाडं जाकीट अंगावर घालूनच प्रवास करायची तयारी असेल तर. रेनकव्हर चांगलं आहे. गंजलेला रनर ला पाझमध्ये रस्त्याकडेला शिलाई मशीन मांडून बसलेल्या एका काकांनी पक्कडीने तोडून बदलून दिला. त्यांनी लावलेला अजून लोण्यासारखा चालतोय. नवी घेणाऱ्यांनी त्याच मापाचे दोन रनर सोबत टाकावेत, वजन काहीच नाही.