एकाच धंद्याकडे पाहणारे दोन सूर : ‘विश यू वेअर हिअर’

‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमच्या अफाट यशानंतर पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडने १९७५ मध्ये काढलेल्या ‘विश यू वेअर हिअर’ या अल्बममध्ये संगीतव्यवसायावर लागोपाठ दोन गाणी आहेत, आणि त्यांच्या सुरांतला विरोध हेच मला या अल्बमचे सर्वांत मोठे बळ वाटते.

‘वेलकम टू द मशीन’मध्ये विनोदाला जागाच नाही. सिंथेसायझरची धडधड जणू एखाद्या कारखान्यातून येते आणि गायकाला हळूहळू गिळून टाकते. शेवटी ऐकू येणारा मेजवानीचा गलबला तर अधिकच एकाकी वाटतो. त्यानंतरचे ‘हॅव अ सिगार’ मात्र पायाने ठेका धरायला लावणारे आहे. येथे बोलणारा कंपनीचा बडा माणूस स्तुतीचा वर्षाव करतो, पण ‘पिंक’ हे बँडमधल्या कोणाचेच नाव नाही, एवढेही त्याला ठाऊक नसते. हे गाणे बँडबाहेरच्या रॉय हार्परने गायले आहे, आणि परक्या आवाजामुळे त्या गोडबोलेपणाला एक वेगळीच धार आली आहे. शेवटी सगळा डौल एका लहानशा रेडिओच्या किरट्या आवाजात आक्रसतो, ही कल्पना तर अप्रतिमच.

उपहास काही ठिकाणी जरा भडक झाला आहे, आणि यशाच्या शिखरावरून केलेली ही तक्रार काहींना खटकेलही. तरीही बँडपासून दुरावलेल्या संस्थापक सदस्य सिड बॅरेटला उद्देशून असलेले ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ या दोन गाण्यांच्या अलीकडे-पलीकडे विभागून ठेवलेले असल्यामुळे, त्या थट्टेमागचे दुःख सतत जाणवत राहते.