तीस हजारांत रेकॉर्ड प्लेअर: सुटकेस, नवा की चोर बाजारातला?

मुंबईत हा प्रश्न बहुतेक वेळा घर आवरताना निघतो. पोटमाळ्यावर नाहीतर दिवाणाच्या पोटात आजोबांच्या रेकॉर्ड्स सापडतात, प्लेअर मात्र कधीच भंगारात गेलेला असतो. मग घरातलं कोणीतरी ऑनलाइन दिसणारा सुटकेससारख्या पेटीतला सुंदर प्लेअर दाखवतं, मित्र साधा नवा प्लेअर सुचवतो, काका म्हणतात चोर बाजारात, मटण स्ट्रीटला एक चक्कर मार. तिन्हींवर गाणं वाजतं. पण तिन्हींवर त्या रेकॉर्ड्सचं पुढे काय होतं, हे सारखं नाही. माझ्या लेखी निवड तिथूनच सुरू होते.

म्हणून खरेदीआधी गठ्ठा उघडा आणि लेबलं वाचा. जड, ठिसूळ, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं वाजणारी तबकडी ही ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, लाखेची. हलकी, थोडी वाकणारी मोठी तबकडी ही ३३ची एलपी. एलपी १९४८मध्ये आली, पण आपल्याकडे ७८च्या तबकड्या त्यानंतरही बरीच वर्षं निघत राहिल्या. त्यामुळे गिरगाव-दादरकडच्या जुन्या घरांत दोन्ही एकत्र निघतात. सुई ज्या खाचेतून फिरते ती ७८ची खाच रुंद असते, तिला साधारण ७५ मायक्रॉनच्या टोकाची सुई लागते. एलपीच्या सुईचं टोक त्याच्या पाव भागाइतकं. ती सुई ७८च्या खाचेत तळाला जाऊन नुसती खरवडते आणि कानाला खरखरच जास्त येते. गठ्ठ्यात बालगंधर्व किंवा हिराबाई बडोदेकरांच्या जुन्या ७८च्या तबकड्या असतील, तर खालच्या पर्यायांचा क्रमच बदलतो.

सुटकेस प्लेअरचं आधी उरकतो. सहा ते दहा हजारांत मिळतो, स्पीकर आतच, कोणतीही जोडणी नाही. स्वस्त पडतो कारण त्यात सिरॅमिक कार्ट्रिज असतं. कार्ट्रिज म्हणजे सुई धरणारा आणि तिच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करणारा भाग. त्याचा सिग्नल मुळातच मोठा, त्यामुळे सिग्नल वाढवून सरळ करणाऱ्या वेगळ्या फोनो सर्किटचा खर्च वाचतो. पण हे कार्ट्रिज खाचेवर पाच-सहा ग्रॅम भार टाकतं, तर चांगलं चुंबकीय कार्ट्रिज दोन ते साडेतीन ग्रॅममध्ये वाजतं. त्यात स्पीकर आणि सुई एकाच पेटीत, म्हणजे स्पीकरची थरथर पुन्हा सुईत शिरते. मागच्या बाजूने बाहेरचे मोठे स्पीकर जोडले तरी खाचेवर चालणारी सुई तीच राहते. पुन्हा मिळणार नाहीत अशा रेकॉर्ड्स त्यावर लावू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. अलीकडे काही स्वस्त प्लेअरांत चुंबकीय कार्ट्रिज आणि सुई धरणाऱ्या हाताच्या मागे भार जुळवायचं फिरतं वजन असतं. ते या गटात धरू नका.

नव्यात मी ऑडिओ-टेक्निकाचा एलपी६०एक्स समोर ठेवतो, कारण या बजेटमध्ये सहज मिळणारा आणि सुई मिळण्याची चिंता नसलेला तो प्लेअर आहे. किंमत साधारण पंधरा ते वीस हजार, सवलतीनुसार वरखाली. त्यात फोनो सर्किट आतच आहे. मागचं बटण ‘लाइन’वर ठेवलं की थेट पॉवर्ड, म्हणजे आतच अँप्लिफायर असलेल्या स्पीकरला जोडता येतो. दहा-बारा हजारांचे चार इंची बुकशेल्फ स्पीकर घेतले की दहा बाय बाराच्या खोलीला पुरतात. शिवाय तो पूर्ण स्वयंचलित आहे. बटण दाबलं की हात आपोआप उठून रेकॉर्डवर जातो आणि बाजू संपली की परत येतो. ज्यांच्या या रेकॉर्ड्स आहेत त्यांचं वय बहुधा पंच्याहत्तरीच्या पुढे असतं. थरथरत्या हाताने सुई टेकवावी लागणं आणि एक बटण दाबून आपलं गाणं ऐकता येणं, यातला फरक कुठल्याही कागदी गुणांपेक्षा मोठा आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. हा ३३ आणि ४५ याच वेगांवर चालतो, ७८ नाही. कार्ट्रिज बदलता येत नाही, फक्त सुई बदलता येते. भार कंपनीने ठरवलेला, तो हलवता येत नाही. याच कंपनीचा एलपी१२०एक्स हे सगळं देतो: ७८चा वेग, मागचं वजन आणि व्हीएम९५ मालिकेचं कार्ट्रिज. त्या कार्ट्रिजच्या त्याच शरीरावर ७८साठीची वेगळी सुई बसते. पण तो एकटाच आपलं तीस हजारांचं बजेट ओलांडतो. घरात जुने चालू स्पीकर-अँप्लिफायर असतील तरच त्याचा विचार करा.

आता चोर बाजार. इथे मन रमतं, आणि नीट जमलं तर याच पैशांत सर्वांत चांगला आवाज इथेच मिळतो. टेक्निक्स, पायोनियर, सॅन्सुईचे सत्तर-ऐंशीच्या दशकातले प्लेअर अधूनमधून येतात. त्यांची जड थाळी आणि नेमका हात आज त्या किमतीत कोणी बनवत नाही. एचएमव्हीचे पेटीतले प्लेअरही दिसतात. त्यांतल्या अनेकांत ७८चा वेग असतो आणि उलटवता येणारी दुहेरी सुई असते, एक बाजू एलपीची, दुसरी ७८ची. लाखेच्या तबकड्यांचा ढीग असणाऱ्याने त्या सुईची अवस्था पाहून असा एखादा जरूर घ्यावा. मात्र तेही सिरॅमिक कार्ट्रिजच, तेव्हा एलपींसाठी ते वापरू नयेत.

पण हे घेताना तीन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे काढू नका. पहिली, मागची पट्टी वाचा. अमेरिकेतून आलेला प्लेअर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट जुळतात, हर्ट्झ जुळत नाहीत. आपल्या ५० हर्ट्झवर जुनी सिंक्रोनस मोटर, जिचा वेग हर्ट्झवरच ठरतो, पाच-षष्ठांश वेगाने फिरते, म्हणजे ३३चे जवळपास २८ फेरे होतात आणि हार्मोनियमच्या काळी चारमधलं गाणं पांढरी चारच्याही किंचित खाली उतरतं. ५० हर्ट्झसाठीची पुली, म्हणजे मोटरवरची छोटी चकती मिळाली तर ठीक, नाहीतर सोडून द्या. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट थाळी फिरवते) असेल तर ही अडचण येत नाही.

दुसरी, रबर. थाळी फिरवणारा पट्टा इथल्या दमटपणात चिकट डांबरासारखा होतो, काही प्लेअरांत पट्ट्याऐवजी असलेलं रबरी आयडलर चाक कडक होऊन घरघरतं. पट्टा बदलणं सोपं, आयडलर मिळवणं कठीण. जुन्या स्पीकरच्या कोनाभोवतीची फोमची कडाही अशीच झडते, बोटाने हळूच दाबून पाहा.

तिसरी, अँप्लिफायर. चुंबकीय कार्ट्रिजचा सिग्नल जेमतेम चार-पाच मिलिव्होल्टचा, आणि रेकॉर्ड कापतानाच खर्ज कमी व तारस्वर जास्त केलेला असतो. तो परत सरळ करणारं सर्किट म्हणजे फोनो. जुन्या अँप्लिफायरवर ‘फोनो’ लिहिलेलं असलं तरी काहींत ते सिरॅमिकसाठीचं असतं आणि चुंबकीय कार्ट्रिज लावलं की आवाज बारीक, पातळ येतो. काहींच्या मागे पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असतं. त्याची वायर लॅमिंग्टन रोडला बनवून मिळते. प्लेअरची बारीक अर्थ वायर अँप्लिफायरच्या स्क्रूला जोडली नाही तर घूं असा आवाज येत राहतो, आणि बऱ्याच जणांना वाटतं मशीनच बिघडलं.

जुनं घेणार असाल तर ठरवलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा हातात राखून ठेवा: सुई, पट्टा, दुरुस्ती. ओळखीचा कारागीर नसेल आणि स्वतः स्क्रू ड्रायव्हर धरायची आवड नसेल, तर हा पर्याय वर्षभर धूळ खात पडेल. एलपींचा गठ्ठा असलेल्या बहुतेक घरांना मी नवा स्वयंचलित प्लेअर आणि पॉवर्ड स्पीकर हेच सांगेन. पुढे ७८साठी एचएमव्हीची जुनी पेटी सवडीने शोधता येते.

काहीही घेतलं तरी प्लेअर आणि स्पीकर एकाच टेबलावर ठेवू नका. चाळीतल्या लाकडी जमिनीवर कोणी चाललं तरी सुई उडी मारते, तिथे भिंतीला ठोकलेली फळी उत्तम. इमारतीत कडप्प्याचा जाड तुकडा खाली ठेवला तरी पुरतं. पावसाळ्यात रेकॉर्डवर बुरशी येते, ती डिस्टिल्ड वॉटरने मऊ कापडावर पुसा. स्पिरिट लाखेच्या तबकडीवर कधीही लावू नका, लाख त्यात विरघळते. आणि सुई हिऱ्याची असली तरी साध्या टोकाची सुई तीनशे ते पाचशे तासांत बदलावी लागते. रोज तासभर ऐकणाऱ्याने वर्षाला एक धरावी.

बघायला जाताना घरची एक रेकॉर्ड बरोबर न्या, जिच्यात तंबोरा किंवा हार्मोनियमचा लांब सूर आहे अशी. सूर हेलकावे खात असेल तर मोटर किंवा पट्टा गेलाय. मग सुई लेबलाजवळच्या शेवटच्या इंचावर ठेवायला सांगा. तिथे आवाज फाटला तर बहुधा सुई झिजलेली आहे. नव्या सुईची किंमत भावातून वजा करा आणि मगच बोला.